दुसरा आकडा

यात्रेला नऊ दिवस उरले असताना धानोळीच्या भैरवनाथाची घंटा तुळईवरून खाली उतरवण्यात आली. त्यासाठी एक साखळी-पुली, नाड्याचा दोर आणि चार माणसे लागली. घंटेचे वजन किती असावे, यावर चौघांचे चार अंदाज होते. मंदिर समितीचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या मते ती दोनशे किलोच्या खाली असूच शकत नव्हती. पुढे कारखान्यातल्या काट्यावर ती एकसष्ट किलो चारशे ग्रॅम भरली.

देवळापुढे जुन्या लाकडी मंडपाच्या जागी स्लॅबचा सभामंडप झाला होता. पांढरी फरशी बसली होती. आरतीच्या वेळी नगारा, झांज आणि दोन लहान घंटा एकाच वेळी बडवणारे विजेचे यंत्र आले होते, आणि कळ दाबली की ते चुकत नव्हते. मोठ्या घंटेला त्यामुळे वर्षातून एकच काम उरले होते. यात्रेच्या दिवशी पालखी उठण्यापूर्वी तिच्यावर पाच ठोके पडत. ते ठोके देण्याचा मान पवळ्यांच्या एका घराकडे होता आणि त्या घराला गाव ‘घंटेवाले’ म्हणत असे.

मानाचे कारण सगळ्यांना पाठ होते. घंटेवाल्यांचा कोणी एक पूर्वज वसईच्या मोहिमेत होता. फिरंग्यांचे चर्च पडले तेव्हा त्याने ही घंटा बैलगाडीवर घातली आणि घाट चढवून गावात आणली. घंटेवर क्रूस आहे, खाली फिरंगी अक्षरे आहेत, हा पुरावा. ती अक्षरे आजवर कोणी वाचली नव्हती, कारण घंटा बारा महिने शेंदराच्या जाड थराखाली असे. यात्रेच्या आदल्या दिवशी घंटेवाल्यांची सून चिंच आणि चुलीतल्या राखेने तो थर उतरवी, आणि त्याच तासात गुरव, तोही मान खाली घालून, नवा थर चढवी. धुणाऱ्या बाईने वर पाहायचे नाही, अशी रीत होती. घंटा देवाच्या नजरेच्या सरळ रेषेत टांगलेली असल्यामुळे बाईने पदर कपाळाखाली ओढून, डोळे जमिनीकडे ठेवून, केवळ हातांनी ती घासायची. जिला घंटा उघडी मिळे तिने ती पाहिलेली नसे. बाकीच्यांनी पाहिला होता तो शेंदूर.

“औंदा घंटेखाली पाटी लावायची,” दादासाहेब म्हणाले. “काळा दगड, सोनेरी अक्षरं. वसईची मोहीम, तुमच्या घराचं नाव, सन. पुण्याहून एक बाई येणार हायेत यात्रंला, जुने लेख वाचणाऱ्या. त्या सांगतील तेच कोरायचं. तवा घंटा कशी लख्ख पायजे.”

हे ज्याला उद्देशून होते तो रोहिदास पवळे, वय अठ्ठेचाळीस, महाळुंग्याच्या बाजूच्या एका ओतकाम कारखान्यात गुणवत्ता विभागाचा सुपरवायझर होता. ओतीव भागांतल्या चिरा, पोकळ्या आणि खोटी मापे शोधणे हे त्याचे चोवीस वर्षांचे काम. देवावर त्याचा विश्वास नव्हता आणि तो ते लपवत नसे. मानावर मात्र होता.

“मी कंपनीतून साफ करून आणतो,” तो म्हणाला. “चिंचेनं काय निघणार? आपल्याकडे मशीन आहे.”

घरी ही गोष्ट कळली तेव्हा त्याची आई छबूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. पंचाहत्तरीची बाई, दोन्ही हातांची शेवटची पेरे सांध्यांत वाकलेली.

“मशीनला काय कळतंय?” ती म्हणाली.

“कळायचं काय आहे त्यात? घाण काढायची.”

“म्या चाळीस वर्सं काढती. मला न्हाई निघाली व्हय?”

“निघाली ग आई. पण तुझे हात बघ आता.”

छबूबाईने हात पाहिले नाहीत. लसणाची पाकळी तिने नखाने फोडली आणि ताटलीत टाकली.

घंटेवाल्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. राहिलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या दहा खोल्यांची चाळ होती आणि तिथे कारखान्यांत काम करणारी कुटुंबे भाड्याने राहत. सातव्या खोलीत ओंकार आणि त्याची बायको मोनिका होती. केज तालुक्यातली माणसे, चार वर्षांपासून इथे. ओंकार रोहिदासच्याच कारखान्यात शॉट ब्लास्टिंगच्या यंत्रावर कंत्राटी ऑपरेटर होता. ती नोकरी रोहिदासच्या शब्दावर मिळालेली, आणि खोलीही.

रविवारी कारखान्यात अर्धेच काम होते. मॅनेजरांनी परवानगी दिली होती. गेटवरच्या वहीत ‘घंटा, जुनी, एक नग’ अशी नोंद झाली आणि टेम्पो आत गेला.

रोहिदासने प्रथम थिनर आणि फडक्याने शेंदूर उतरवला. थर वर्षभराचा होता. खाली तेल सुकून लाखेसारखे झाले होते. तपासणीच्या दिव्याखाली हळूहळू एक क्रूस उघडा झाला, तीन पायऱ्यांवर उभा. त्याखाली अक्षरांची एक ओळ होती, उंची बोटाच्या पेराएवढी, कडा झिजून गोल झालेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने ती इतकी पुसट झाली होती की शब्द लागत नव्हता. ओळीच्या शेवटी चार आकडे होते. ते खोलगट जागेत असल्यामुळे बरे राहिले होते.

त्याने भिंग लावले. एक. आठ. दोन. चार.

वसई १७३९ साली पडली हे त्याला शाळेपासून ठाऊक होते. त्याने वजाबाकी केली. ती करण्याची गरज नव्हती, तरी केली. पंच्याऐंशी. जी वस्तू अजून ओतली गेलेली नाही ती लुटून आणता येत नाही. भिंगाची काच पुसून त्याने पुन्हा पाहिले. दुसरा आकडा सात असता तर प्रश्न नव्हता. सतराशे चोवीसची घंटा सतराशे एकोणचाळीसला वसईत असणे शक्य होते. परंतु तिथे एकावर एक दोन बंद वर्तुळे होती.

ओंकारने घंटा हुकाला लावली. यंत्र म्हणजे पोलादी पत्र्याची बंद खोली. आत टांगलेली वस्तू गोल फिरते आणि बाजरीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे तिच्यावर वेगाने आदळतात. ओतीव लोखंडावरची जळकी वाळू त्याने निघते.

“सर, हे लोखंड न्हाई,” ओंकार म्हणाला. “कासं मऊ असतंय. दोन मिंट लई झाले.”

“लाव दोन.”

दोन मिनिटांनी दार उघडले. घंटेचा रंग कोवळ्या हळदीसारखा झाला होता. क्रूस आणि ओळ पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसत होती.

“बगा की सर,” ओंकार खूश होऊन म्हणाला. “काल कोरल्यावाणी. अन् हे आकडे हायेत काय? एक…” तो वाकला.

“ओंकार, कँटीनला जा. दोन चहा घेऊन ये.”

“आता? इथलं आवरून…”

“आता जा.”

तो गेल्यावर रोहिदासने दार लावले, टायमर दहा मिनिटांवर फिरवला आणि हिरवे बटण दाबले. थांबवण्यासाठी लाल बटण होते. ते हाताच्या अंतरावर होते, आणि पूर्ण दहा मिनिटे ते तिथेच होते. तो त्याच्याकडे पाहत उभा राहिला. आपण काय करत आहोत हे त्याला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. चोवीस वर्षांत त्याने अनेक चुकीचे भाग नाकारले होते. मापाला न बसलेला भाग पसंत करण्यासाठी त्याने मापच पुसून टाकल्याची ही पहिली वेळ होती.

दार उघडले तेव्हा क्रूसाच्या जागी एक उंचवटा होता, फोड बसून गेल्यानंतर कातडीवर राहतो तसा. ओळ गेली होती. आकड्यांच्या जागेवर बारीक खड्ड्यांची एकसारखी खरखर होती. काट्यावर घंटा बरोबर एकसष्ट किलो भरली. चारशे ग्रॅम कमी झाले होते; त्यांत शेंदूर किती आणि इतिहास किती, हे वेगळे काढण्याची सोय नव्हती.

ओंकार चहाचे दोन ग्लास घेऊन आला. त्याने घंटा पाहिली. टायमरचा काटा पाहिला. मग एक ग्लास पुढे केला.

“गार व्हायलाय सर,” तो म्हणाला.

संध्याकाळी देवळात घंटेवर झाकलेली चादर काढली तेव्हा समितीचे पाच जण जमले होते. दादासाहेबांनी घंटेभोवती एक फेरी मारली, मग उलटी दुसरी. गुरव आबाजींनी हात फिरवून पाहिला.

“लख्ख झालीय,” दादासाहेब म्हणाले. “पण रोहिदास, क्रूस कुठाय?”

“मशीनवर जरा जास्त वेळ राहिली.”

“म्हंजी?”

“छर्र्यांनी घासली गेली. धातू मऊ आहे.”

“कुणाकडनं झालं ह्ये?”

“मशीनवर ऑपरेटर असतो. ओंकार होता.”

ही तिन्ही उत्तरे सुटी सुटी तपासली असती तर त्यांतले एकही खोटे ठरले नसते. रोहिदासला हे त्याच क्षणी जाणवले, आणि त्याने त्यात चौथे उत्तर मिळवले नाही.

ओंकारला बोलावणे गेले. तो कामाच्याच कपड्यांत आला. चपला मंडपाबाहेर काढून ठेवायच्या ऐवजी त्याने हातात धरल्या होत्या, आणि आबाजींनी डोळे वटारल्यावर त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला सुचेना.

“काय रं, किती वेळ लावली व्हतीस?” दादासाहेबांनी विचारले.

ओंकारने रोहिदासकडे पाहिले. रोहिदास तुळईतला रिकामा हूक पाहत होता.

“ध्यान राहिलं न्हाई,” ओंकार म्हणाला.

“ध्यान राहिलं न्हाई. अरं, तीनशे वर्सांची वस्तू ती. तुमच्या गावाकडं आसं काय न्हाईच, तुला काय म्हाईत.”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणून भागतंय व्हय?” आबाजी म्हणाले. “यात्रंदिशी पायरीवर नाक घासंल त्यो, समद्यांदेखत. अन् खोली खाली करंल. रोहिदास, भाडेकरू तुझा हाय.”

रोहिदासने मान हलवली. ती होकारार्थी होती की कसे, हे कोणी विचारले नाही.

पुढचे दिवस कामाचे होते. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई. ओंकार त्याला पूर्वीप्रमाणेच ‘सर’ म्हणत होता, पण एक फरक पडला. प्रत्येक खेप यंत्रात लावताना तो हाक मारी.

“सर, ब्रेकच्या ड्रमला पाच मिंट लावायलोय. बगून घ्या.”

“लाव ना. रोजचंच आहे.”

“न्हाई, बगून घ्या. अन् हितं सही करा.”

त्याने कुठूनतरी एक जुना रिपोर्ट-कागद आणला होता आणि त्यावर वेळ लिहून ठेवत होता. रोहिदासने सही केली. दिवसातून तीसेक वेळा केली. बाकीचे कामगार हसत. “ओंक्या लई शिस्तीचा झालाय, राव.” ओंकार हसत नव्हता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तो असता तर रोहिदासला ओरडता आले असते.

चाळीत पाण्याला एकच नळ होता. सकाळी मोनिका आपल्या घागरी भरून सगळ्यांच्या आधी निघून जाऊ लागली. रोहिदासची बायको जयमाला तिच्याशी दोन शब्द बोलायला थांबे. आता मोनिका मागे पाहत नव्हती.

“अहो,” जयमालाने जेवताना विचारले, “मोनिका सांगत होती, त्यानं दोनच मिनिटं लावलेली म्हणे.”

“लोक घरी बायकोला काहीही सांगतात.”

“तुम्ही मला काहीच सांगत नाही, ते एक बरंय.”

तिने भाकरी वाढली. रोहिदासने ती अर्धी मोडली आणि दोन्ही अर्ध्या तशाच ठेवल्या.

“खोलीची किल्ली कोण मागणार?” तिने विचारले. “मला सांगू नका. मोनिकाचं बाळंतपण मी केलंय या हातांनी. मी नाही मागणार.”

किल्ली कोणी मागितली नाही. यात्रेच्या दोन दिवस आधी सातव्या खोलीपुढे दोरीने बांधलेल्या दोन गोण्या आणि एक टेबलफॅन दिसू लागला.

गावात घंटेचा आवाज बदलल्याची चर्चा होती. पूर्वी ती गंभीर वाजायची, आता किनरी वाजते, असे आबाजी सांगत. ज्यांनी ती अजून ऐकली नव्हती त्यांनाही ते पटले. रोहिदासच्या मोबाइलमध्ये गेल्या यात्रेचे चित्रीकरण होते. कंपनीत कंपने मोजण्याचे एक अ‍ॅप होते. घंटा परत टांगल्यावर त्याने ती बोटाच्या गाठीने हलकेच वाजवून माप घेतले आणि चित्रीकरणातल्या आवाजाचेही घेतले: तेव्हा नऊशे सात हर्ट्‌झ, आता नऊशे सहा. आवाज बदलला नव्हता. हे तो चारचौघांत सांगू शकला असता, परंतु घंटेविषयी कोणतीही खरी गोष्ट सांगण्याचा अधिकार आपण गमावला आहे, असे त्याला वाटले, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी छबूबाई चिंचेचे पातेले आणि राखेची पाटी घेऊन देवळात निघाली.

“आत्या, आता धुवायला उरलंय काय त्यात?” जयमाला म्हणाली. “स्वच्छच आहे.”

“रीत हाय.”

रोहिदास स्टूल धरायला गेला. छबूबाई वर चढली, पदर कपाळाखाली ओढला, डोळे जमिनीकडे लावले आणि चिंचेचा कोळ घंटेला चोळला. मग तिचे हात एका ठरलेल्या वाटेने चालू लागले. उजव्या हाताचे पहिले बोट वरून खाली सरळ आले, मग आडवे गेले, मग तीनदा पायऱ्या उतरल्यासारखे खाली थांबत थांबत आले. तिथे आता काही नव्हते. बोट क्षणभर थांबले, परत वर गेले आणि तीच वाट पुन्हा चालले. मग ते डावीकडे सरकले आणि ओळ घासू लागले. प्रत्येक अक्षराच्या जागी थोडे वळत होते, थोडे थबकत होते. सपाट धातूवर ते सगळे वळसे जसेच्या तसे उमटत होते. शेवटी चार लहान हालचाली झाल्या. एक उभी. मग एकावर एक दोन गोल, राख कपारीत जावी म्हणून नखाने केलेले. मग एक वाकडी, मग एक कोपऱ्याची.

रोहिदासने स्टूल दोन्ही हातांनी धरले होते आणि त्याचे डोळे त्या बोटाच्या बरोबर समोर होते.

ती काहीतरी विचारील, अशी त्याने वाट पाहिली. तिने पूर्ण घंटा घासली, पाणी ओतले, पदराने पुसली. खाली उतरताना तिने नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्याचा आधार घेतला नाही; खांबाचा घेतला.

यात्रेच्या सकाळी आठ वाजता ओंकारने पायरीवर नाक घासले. गर्दी फारशी नव्हती. पाळणेवाले आणि खेळणीवाले अजून मांडामांड करत होते. तो गुडघ्यांवर बसला, एकदा वाकला आणि उठला. आबाजी म्हणाले, “तीनदा.” त्याने आणखी दोनदा घासले. पायरीवर गुलाल सांडलेला होता. नाकाच्या शेंड्यावर आणि एका भुवईवर लाल ठिपका राहिला. मोनिका मूल कडेवर घेऊन मंडपाबाहेर उभी होती. रोहिदास समितीच्या लोकांत होता. उभे राहण्यासाठी त्याला खांबामागची जागा मिळाली नाही.

साडेनऊला पुण्याहून योगिनी आल्या. पन्नाशीच्या बाई, सुती साडी, खांद्याला पिशवी, तीत पातळ कागदाच्या गुंडाळ्या आणि कोळशाच्या कांड्या. त्या येणार म्हणून या वर्षी घंटेवर शेंदूर चढवला नव्हता. त्यांनी घंटेला कागद लावला, कोळसा फिरवला. कागदावर एकसारखा करडा रंग आला.

“इथे लेख होता, असं तुम्ही फोनवर म्हणालात,” त्या दादासाहेबांना म्हणाल्या.

“व्हता. गेला.” दादासाहेबांनी हकिगत सांगितली आणि ओंकारकडे बोट केले. तो पायरीच्या कडेला बसून टेम्पोवाल्याची वाट पाहत होता.

“एखादा फोटो?”

फोटो पुष्कळ निघाले. सगळ्यांत शेंदूर होता, हार होते आणि पुढे उभी माणसे होती.

“मग मला काही सांगता येणार नाही,” योगिनी म्हणाल्या. “माहिती उपलब्ध नाही, एवढंच लिहीन.”

“मला ठावं हाय,” छबूबाई म्हणाली.

ती जयमालाबरोबर बायकांच्या बाजूला बसली होती. तिथूनच तिने आदल्या दिवशी उरलेल्या राखेची पाटी ओढली आणि तळहाताने राख सपाट केली.

“आजी, तुम्हाला वाचता येतं?”

“न्हाई बाई. पण घासलंय.”

तिने क्रूस काढला, तीन पायऱ्यांसकट. मग ओळ काढली. काही वळणे अक्षरांसारखी होती, काही नव्हती. योगिनी वहीत उतरवत गेल्या. शेवटी छबूबाईने चार आकडे काढले, बोट न अडखळता.

योगिनी वाकून बघत राहिल्या. “आजी, हा दुसरा परत काढाल?”

छबूबाईने पाटीच्या कडेला तो पुन्हा काढला. एकावर एक दोन गोल.

“अठराशे चोवीस,” योगिनी म्हणाल्या. “तसं असेल तर वसईशी संबंध नाही. नंतरची आहे. एखाद्या मिशनची किंवा जहाजाची असेल, भंगारात आलेली. पण बोटांच्या आठवणीवर मी काही ठरवू शकत नाही.”

मग दादासाहेब हसले. “म्हातारीचं काय खरं धरताय, बाई. सात आसंल. सतराशे चोवीस. रोहिदास, तू शिकलेला माणूस. शेंदूर तूच काढलास, तवा बघितलं आसशीलच. सात का आठ?”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. काळ्या दगडाची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सनाची जागा रिकामी होती. दादासाहेबांनी प्रश्न दोन उत्तरांचा केला होता आणि त्यातले एक त्याच्या हातात दिले होते.

“सात,” रोहिदास म्हणाला.

“झालं,” दादासाहेब म्हणाले.

छबूबाईने मान वर केली नाही. राखेची पाटी तिने त्याच्याकडे सरकवली.

“सात कसा आस्तुया, त्यो काढून दाव.”

“आई, आता कशाला?”

“दाव. मला येत न्हाई. म्या चुकीचं शिकले आसंल तर बराबर शिकव.”

तो खाली बसला. राखेत बोट घालून त्याने इंग्रजी सात काढला: एक आडवी रेघ, एक तिरकी. छबूबाईने त्या रेघांवरून आपले वाकडे बोट फिरवले, एकदा, मग पुन्हा. घासताना फिरवायची तसेच.

“ह्याला तर येकच कोपरा हाय,” ती हळूच म्हणाली. “ह्यात राख कुठं अडकंल? चाळीस वर्सं म्या नखानं राख काढली ती मग कशातनं?”

तिने उत्तराची वाट पाहिली. ती आरोप करत नव्हती. तिला खरोखरच कळून घ्यायचे होते. आपले बोट चुकले की मुलगा, यांतले कोणते, हे ठरवायला तिच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

रोहिदासने तळहाताने सात पुसला. राख त्याच्या पँटीवर उडाली.

“आठच होता,” तो म्हणाला.

“आं?” दादासाहेब म्हणाले.

“आठ होता. मी भिंगातून वाचला. ओंकारनं दोनच मिनिटं लावली होती, आणि त्यात काही बिघडलं नव्हतं. त्याला मी चहाला पाठवलं. मग दहा मिनिटं मी लावली.”

तो अजून खालीच बसलेला होता, म्हणून हे बोलताना त्याचे डोळे लोकांच्या गुडघ्यांच्या पातळीवर होते. वाक्ये पाच होती. या वेळी एकत्र घेतली तरी ती खरी होती. कोणीतरी मागे ‘आईचा घो’ म्हणाले. योगिनींनी वहीचे पान न उलटता वही मिटली.

जयमालाने त्याच्याकडे पाहिले नाही. ती उठली आणि मंडपाबाहेर मोनिकाजवळ जाऊन उभी राहिली.

रोहिदास पायरीपाशी गेला. ओंकारच्या नाकावरचा गुलाल घामाने ओघळला होता.

“ओंकार. खोली सोडू नकोस.”

“टेम्पो सांगितलाय सर. तळेगावला खोली बघितलीय.”

“आता सगळ्यांना कळलंय. आता कशाला जातोस?”

ओंकारने थोडा विचार केला. “तेच तर. अदुगर मी मान खाली घालून नळावर जायचो. ते जमत हुतं मला. आता तुमी घालणार. ते रोज बगायचं जमायचं न्हाई सर.” तो उठला, पँट झटकली. “कंपनीत येतोच की सोमवारी. सहीचा कागद ऱ्हाऊ द्या आता.”

टेम्पो आला. गोण्या चढल्या, फॅन चढला. मोनिकाने किल्ली जयमालाच्या हातात दिली आणि जयमालाला ती घ्यावी लागली.

मंडपात पालखी सजून तयार होती. अकराचा मुहूर्त होता. दादासाहेब, आबाजी आणि समितीचे लोक एका बाजूला हळू आवाजात बोलत होते. रोहिदास बाजूला उभा राहिला. मान काढून घेतील, असे त्याने गृहीत धरले होते आणि त्याला त्यात सुटका दिसत होती. कोणीतरी विजेच्या यंत्राजवळ जाऊन कळीवर हात ठेवला.

“थांब रं,” दादासाहेब म्हणाले. मग रोहिदासकडे वळले. “वसई न्हाई तर न्हाई. मान कागद बघून दिल्याला न्हाई, अन् यात्रंदिशी मोडत बी न्हाई. पाच ठोके तुझे हायेत. चल, वाजीव.”

“दादासाहेब, दुसऱ्या कोणालातरी…”

“का? हात दुखतोय?”

लोकांनी वाट करून दिली. ती जरुरीपेक्षा रुंद होती. रोहिदास घंटेखाली गेला आणि आतल्या लोळीची दोरी त्याने हातात घेतली. धातूच्या खरखरीत पृष्ठभागावर त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसता एक उजळ ठिपका दिसत होता, तो बाहेरच्या उन्हाचा. छबूबाई पाटीतली राख पुन्हा सपाट करत होती.

त्याने पहिला ठोका दिला. रस्त्यावर टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चढ चढत होता. ओंकार मागे गोण्यांवर बसला होता आणि त्याचे तोंड देवळाकडे होते. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला असणार. नऊशे सहा. आवाजात काहीही फरक नव्हता, आणि अजून चार ठोके बाकी होते.